एकाच ‘ला’ची दोन इंग्रजी रूपे

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटीने जाणारा ‘मुरबाडला गेलो’ म्हणतो, तसाच ‘मुरबाडला पोहोचलो’ असेही म्हणतो. शहापूर-मुरबाडच्या मराठी शाळेतले मूल हाच ‘ला’ इंग्रजीत नेते. ‘आय वेंट टू मुरबाड’ला गुण मिळतात आणि ‘आय रीच्ड टू मुरबाड’वर लाल फुली पडते. मुलाचा विचार दोन्ही वेळी एकच होता. ‘रीच’ला पुढे ‘टू’सारखा शब्द चालत नाही, ‘अराइव्ह’ला मात्र ‘इन’ किंवा ‘ॲट’ हवे. अर्थ जवळपास तोच, तरी प्रत्येक क्रियापदाची सवय निराळी. म्हणून ‘ला म्हणजे टू’ हे समीकरणच मुलाला फसवते. एसटीची वाट पाहताना तर उलटे होते. मराठीतला ‘ची’ एसटीचे नाते ‘वाट’शी जोडत असल्याने ‘फॉर’ सुचतच नाही आणि वहीत ‘आय ॲम वेटिंग द बस’ उतरते.

याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. इंग्रजी बाजूला ठेवून आपली हिंदी ऐका. ‘त्याला विचारले’चे आपण सहज ‘उसको पूछा’ करतो. प्रमाण हिंदीत तिथे ‘उससे’ येते. भाषा बदलली तरी घरचा प्रत्यय सोबत जातो. त्यात कातकरी वाड्यांवर घरची बोली वेगळी, म्हणजे प्रमाण मराठीही बरीचशी शाळेतच शिकायची.

कोणी म्हणेल, ‘डिस्कस अबाउट’ भारतभर ऐकू येते, समजतेही, मग खोडायचे कशाला? बोलताना खोडू नये, हे मला मान्य आहे. पण परीक्षेच्या पेपरात आणि नोकरीच्या अर्जात तोच ‘अबाउट’ पाड्यावरच्या मुलाविरुद्ध मोजला जातो. शहरी घरात इंग्रजी कानावर पडलेल्या मुलाला ही अडचण कमी येते. दुसरा आक्षेप असा, की कोणत्या क्रियापदापुढे काय येते याच्या याद्या पाठ केल्या की झाले. पण आपण ‘वाघाला घाबरणे’ आणि ‘वाघापासून सावध राहणे’ यादीतून शिकलो नाही, वाक्यातून शिकलो. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचे. वाढलेली ही वर्षे सुट्या शब्दांच्या अर्थांवर घालवू नयेत. वहीत ‘वेट म्हणजे थांबणे’ असे लिहून देण्याऐवजी ‘वेट फॉर द बस : एसटीची वाट पाहणे’ अशी अख्खी ओळ द्यावी, आणि तिच्याखाली ‘रीच मुरबाड : मुरबाडला पोहोचणे’.