746 कुठून आले?

डिस्क नवी कोरी, खोक्यावर 3 टीबी छापलेलं, आणि माझा 2007 सालचा डेस्कटॉप म्हणतोय ती 746 जीबीची आहे. 700 नाही, 750 नाही, 746. डिस्क बिघडलेली असती तर दिसलीच नसती. मग हा नेमका आकडा आला कुठून? तेवढ्यासाठी मी डबा टॅक्सीत घातला आणि लॅमिंग्टन रोड गाठला.

पहिल्या दोन दुकानांत ‘साहेब, भंगारात काढा’ एवढंच ऐकायला मिळालं. कसा काढणार? वडिलांच्या निगेटिव्ह ज्या स्कॅनरवर मी स्कॅन करतो, त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे आलाच नाही.

तिसरं दुकान जिन्याखाली होतं. ब्लोअरने उडवलेली धूळ आणि सोल्डरचा धूर यांचा मिळून एक वास असतो, तो तिथे भिंतींतच मुरला होता. काकांनी साठी ओलांडलेली, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ‘3 टीबी, एक्सपी’ एवढं मी म्हणालो, तर त्यांनी डबा न उघडताच विचारलं, ‘746 दाखवतंय ना?’

मग बिलबुकाच्या पाठीवर वजाबाकी झाली. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024ने. म्हणून 3 टीबी विंडोजला 2794 जीबी दिसतात. डिस्कवरच्या प्रत्येक 512 बाइटच्या कप्प्याला क्रमांक असतो आणि जुन्या व्यवस्थेत तो 32 बिटांत बसवावा लागतो. त्यात मावतात 2048 जीबी. 2794 वजा 2048, उरले 746. ‘जुन्या स्कूटरचा मीटर कसा, 99,999 झाले की परत शून्य. तसंच हे.’

भिंतीला डोकं आपटायची ही पहिली वेळ नव्हे. आधी 528 एमबीची भिंत होती, मग 8.4 जीबीची, मग 137 जीबीची. ही शेवटची ओलांडायला एक्सपीला 2002 साली आलेला सर्व्हिस पॅक 1 लागायचा आणि बायोसचीही साथ लागायची. नाहीतर पुढचा डेटा गुपचूप सुरुवातीवर लिहिला जाण्याची भीती. ‘एका लग्नाच्या फोटोंवर दुसरं लग्न,’ काका म्हणाले. हसले मात्र नाहीत.

तेवढ्यात एक मुलगा 8 टीबीची डिस्क घेऊन आला. बाहेरून लावायच्या ड्राइव्हचं कवच फोडून काढलेली. जुन्या डेस्कटॉपमध्ये फिरतच नव्हती. काकांनी पॉवरच्या पट्टीवरच्या पंधरा पिना नखाने मोजल्या आणि तिसरीवर थांबले. जुना पॉवर सप्लाय तिच्यातून 3.3 व्होल्ट देतो. नव्या काही डिस्कना त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा कळतो. केप्टॉनच्या पिवळसर पट्टीतून त्यांनी ब्लेडने तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा कापला, चिमट्याने ठेवला, टूथपिकने दाबला. सरकला. पुन्हा ठेवला. हात थरथरत होता, पण चिमटा पिनेजवळ गेला की थरथर थांबायची. वायर लावल्यावर ते बोट डिस्कवर टेकवून बसले; फिरू लागल्याचं त्यांना पडद्याच्या आधी कळलं. घरी आल्यावरही माझ्या डोळ्यांसमोर तो तुकडाच होता.

माझं काम त्या मानाने रुक्ष. माझ्या एक्सपीला 2 टीबीच्या पुढचं धड झेपणार नाही, म्हणून 2 टीबीची डिस्क घ्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. महागडं कार्ड गळ्यात मारता आलं असतं, मारलं नाही. पार्टिशन मात्र त्यांनी स्वतःच्या विंडोज 7वर केलं. एक्सपी पहिलं पार्टिशन 63व्या कप्प्यापासून सुरू करतं आणि नव्या डिस्क आतून आठ-आठ कप्प्यांचे गठ्ठे करतात. 63ला आठाने भाग जात नाही. प्रत्येक लिखाण दोन फरश्यांच्या सांध्यावर पाय दिल्यासारखं होतं आणि डिस्क रखडते. विंडोज 7 सुरुवात करतं 2048पासून.

भंगाराचा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी हे मला सांगितलं नसतं. मजुरी 300 रुपये झाली.

3 टीबीची डिस्क आता मुलीच्या नव्या मशीनमध्ये आहे. तिथे ती 2794 दाखवते.