समुद्राला मिळणारे पाणी

‘नदीचे पाणी समुद्रात फुकट जाते’, हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. ते खरे नाही, हे नर्मदेतील हिलसा मासा सांगतो. मराठीत यासच पाला म्हणतात. हा मासा राहतो समुद्रात. परंतु अंडी घालण्यास त्याला नदीचे गोडे पाणी लागते. पावसाळ्यात नर्मदेचा लोंढा खंबायतच्या आखातात शिरला, की तो प्रवाहाविरुद्ध नदीत चढू लागतो. आपल्या फतेगंजपासून सुमारे 70 किलोमीटरवरील भडोच येथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या याच हंगामावर जगत आले.

1979 साली लवादाने नर्मदेचे 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटले : मध्य प्रदेशास 18.25, गुजरातेस 9, राजस्थानास 0.5 व महाराष्ट्रास 0.25. विद्यार्थिमित्रहो, बेरीज करून पाहा. बाकी शून्य उरते! पुढे धरणाखालील नदीसाठी सेकंदास 600 घनफूट पाणी सोडण्याचे ठरले. परंतु एवढ्या पाण्याने भरतीचे खारे पाणी मागे हटत नाही. सरदार सरोवराचे लोकार्पण 2017 साली झाले. भडोचजवळ नदीचा खारेपणा वाढला, हिलसा दुर्मिळ झाला आणि जाळी रिकामी येऊ लागली.

या धरणाने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागविली, हे उपकार थोर होत. म्हणून प्रश्न धरण असावे की नसावे हा नव्हे. पाण्याची वाटणी करताना नदीचा वाटा आधी काढून ठेवावा, एवढाच आहे. समुद्रास मिळणारे पाणी वाया जात नाही. त्यावर माशाची वीण आणि माणसाची चूल चालते.