सांडपाण्याला उतार हवाच का?

मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीपुढे देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. हाच विहिरींचा साठा. शोषखड्ड्यातील मैलापाणी त्यात मिसळले तर विहीर नासलीच! मग अशा सपाट किनाऱ्यावरून सांडपाणी नळाने दूर न्यायचे झाल्यास ते कसे न्यावे?

नेहमीची पद्धत गुरुत्वाकर्षणाची. नळाला उतार दिला की पाणी आपोआप वाहते. मात्र वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरपेक्षा कमी झाला, तर मैला तळाशी साचून नळ तुंबतो. समजा, १५० मिलिमीटर व्यासाच्या नळाला दर १५० मीटरला १ मीटर उतार दिला. सपाट जमिनीत ९०० मीटर अंतरावर तो ६ मीटर खोल जाईल! वाळूत एवढा चर खणला की त्यात पाणी भरते आणि कडा ढासळतात. खर्चही वाढतो.

दुसरी पद्धत कमी दाबाच्या मलवाहिनीची. अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात तिचे प्रयोग झाले. घराजवळ जमिनीत एक बंद टाकी असते. सांडपाणी ठरावीक पातळीला आले की पंप सुरू होतो. त्याची पाती मैल्याचा बारीक लगदा करतात आणि पंप तो नळात ढकलतो. घराकडचा नळ ३२ मिलिमीटर व्यासाचाही चालतो. लगदा मागे फिरू नये म्हणून एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात.

दाब किती लागतो? १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. म्हणजे ३ किलोग्रॅम दाबाचा पंप, घर्षण सोडल्यास, पाणी ३० मीटर चढवील. त्यामुळे नळाला सलग उतार नको. जमिनीच्या चढउतारांप्रमाणे तो उथळ चरात घालता येतो.

पण गुरुत्वाकर्षण कधी बंद पडत नाही, वीज मात्र पडते! पावसाळ्यात वीज गेली, तर टाकीत जागा असेपर्यंतच काम चालते. शिवाय प्रत्येक पंपाची देखभाल करावी लागते. म्हणून जेथे नैसर्गिक उतार आहे तेथे जुनी पद्धतच बरी. आणि नळ कोणताही असो, शेवटी शुद्धीकरण हवेच. नाहीतर घाण फक्त जागा बदलते.

तुमच्या घरची विहीर आणि शोषखड्डा यांतील अंतर एकदा मोजून पाहा. उताराच्या वरच्या बाजूला त्यांपैकी कोण आहे?