चार क्रेडिटची एक जागा

तुमची मुलगी किंवा मुलगा दिल्ली विद्यापीठात बीएस्सी ऑनर्स फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे का? मग जानेवारीत चौथं सेमिस्टर सुरू होण्याआधी घरात चर्चा होणारच, विषय कोणते घ्यायचे?

खरं तर हातात फारसं काही नसतं. 2022 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात एका सेमिस्टरला 22 क्रेडिट असतात. त्यातले 12 फिजिक्सच्या तीन सक्तीच्या पेपरांचे. आणखी 6 इतर छोट्या पेपरांत जातात. उरतात 4. तिथे फिजिक्समधलाच एखादा ऐच्छिक विषय घ्यायचा, नाहीतर गणित, अर्थशास्त्र अशा दुसऱ्या विभागाचा.

आणि नेमकी इथेच घाई होते. मैत्रिणीने घेतला म्हणून, ‘यात मार्क सुटतात’ असं सीनियर म्हणाले म्हणून. मार्क हवेतच, पण आधी हे पाहा. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची असेल, तर तिचा अभ्यासक्रम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, थर्मोडायनॅमिक्स, मॉडर्न फिजिक्स असा आहे. तो बहुतेक सक्तीच्या पेपरांतच होऊन जातो. म्हणजे ही मोकळी जागा परीक्षेसाठी अडवायची गरज नाही. जे सक्तीत मिळत नाही, ते इथे घ्या.

उदाहरणार्थ न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस. जी समीकरणं कागदावर सुटत नाहीत, ती संगणकाकडून सोडवून घ्यायला इथे शिकवतात. विषय किचकट आहे, हे खरं. पण चौथ्या वर्षी प्रबंध करायचा ठरवला, तर हेच कामाला येतं. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 अँटेनांचे संकेत जुळवून आकाशाचं चित्र तयार होतं, तेही अशाच गणितातून. आणि मुलीला पुढे फिजिक्स करायचंच नसेल? मग अर्थशास्त्र बिनधास्त घेऊ द्या. त्याला पळवाट म्हणू नका.

आता वेळेचं गणित. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याचा एक तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला मात्र दोन. त्यामुळे चार क्रेडिटचे दोन विषय कागदावर सारखे दिसले तरी एकात संध्याकाळ लॅबमध्ये जाते. नोएडाहून येणाऱ्या मुलीला राजीव चौकला मेट्रो बदलून विश्वविद्यालय स्टेशन गाठायचं असतं, परत तेवढंच. हे फॉर्म भरण्याआधीच मोजा.

विद्यापीठाच्या यादीतला प्रत्येक विषय प्रत्येक कॉलेजात शिकवला जातोच असं नाही. म्हणून आधी विभागात विचारा, या वर्षी कोणता वर्ग खरंच चालणार आहे, कोण शिकवणार आहे. मग दोन विषयांचे अभ्यासक्रम मोबाइलवर उघडा आणि मुलीला म्हणा, ‘यातलं पहिलं युनिट मला समजावून सांग.’ कोणतं सांगताना ती रंगते, तेवढं ऐका.