बिनवातीचं मेण बिनधोक असतं का?

दिवाळीच्या भेटींच्या खोक्यात हल्ली उटण्या-पणत्यांच्या जोडीला मेणाच्या रंगीत वड्याही निघतात. मोगरा, चंदन, व्हॅनिला, कधी चक्क फिल्टर कॉफी. हे वॅक्स मेल्ट. यांना वात नसते. वडी बर्नरच्या वाटीत ठेवायची, खाली टी-लाइट लावायचा किंवा विजेचा वॉर्मर सुरू करायचा. मेण वितळतं आणि खोलीभर वास पसरतो. घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: अगरबत्तीचा धूर नको, मेणबत्तीची काजळी नको, मग हेच बरं.

धुरापुरता तो हिशेब बरोबर आहे. अगरबत्ती जळताना ग्रॅममागे साधारण ४५ मिलिग्रॅम कण हवेत सोडते, सिगारेट साधारण १०. वितळलेल्या मेणाचं तसं नाही. पण ‘जळत नाही, म्हणजे हवेत काही जात नाही’ ही पुढची उडी चुकते. वास आला याचाच अर्थ काहीतरी नाकापर्यंत पोचलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नुसरत जंग आणि ब्रँडन बूर यांच्या गटाने एका प्रयोगघरात हे मोजलं. त्यांचा निबंध २०२५ साली प्रसिद्ध झाला. वड्यांमधून लिमोनीनसारखी टर्पीन गटातली सुगंधी द्रव्यं उडतात, बाहेरून घरात शिरलेल्या ओझोनशी त्यांची गाठ पडते आणि त्यातून अतिसूक्ष्म नॅनोकण जन्माला येतात. त्यांची संख्या जळत्या मेणबत्तीच्या तोडीची भरली. बिनवासाचं मेण वितळवलं तेव्हा मात्र असे नवे कण तयार झाले नाहीत, म्हणजे खोड मेणाची नाही, वासाची. प्रयोग कणांचा होता, आजारांचा नव्हता, त्यामुळे घाबरून वड्या फेकायचं कारण नाही. पण दारं-खिडक्या लावून, एसी चालू ठेवून तासन् तास वॉर्मर लावणं शहाणपणाचं नाही. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर त्या खोलीत तो नकोच. ओझोन सोडणारं हवाशुद्धीकरण यंत्र असेल तर दोन्ही एकत्र चालवू नका.

‘सोयाचं ते नैसर्गिक, पॅराफिन म्हणजे विष’ हे दुकानदारांचं आवडतं वाक्य. सोया मेण म्हणजे हायड्रोजन मिसळून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. डालडा ज्या वाटेने बनतो त्याच वाटेने. नैसर्गिक म्हणायचं तर म्हणा. पॅराफिन खनिज तेलातून येतं. पण दोन्हींत घातलेलं अत्तर बहुधा सारखंच असतं, आणि हवेत उडतं ते मुख्यतः अत्तर. निवडताना मेणाच्या कुळापेक्षा तुमच्या गावचा उन्हाळा बघा. सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कुरिअरच्या गाडीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये अशा वड्यांचा लगदा व्हायला वेळ लागत नाही. तिकडे अशी खरेदी थंडीतच करावी. सोयाच्या वडीवर पांढरी खरपुडी दिसली की लोक बुरशी समजून परत पाठवतात. ते मेणाचेच स्फटिक असतात, वडी बिघडलेली नसते. पृष्ठभागावर तेलाचे थेंब सुटलेले दिसले तर मात्र तिच्यात मावेल त्याहून जास्त अत्तर कोंबलेलं असण्याची शक्यता आहे.

‘इसेन्शियल ऑइल आहे, मग काळजी कसली?’ घरात मांजर असेल तर करा. अशा अनेक द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. टी ट्री तेल तर मांजर-कुत्रा दोघांनाही बाधतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची फुप्फुसं त्याहून नाजूक. आणि लहान मुलांना ही वडी बर्फी किंवा जेलीच वाटणार, तेव्हा ती फळीवर, उंच. कापराची वडी असेल तर दुप्पट जपा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

कापरावरून आठवलं. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायची विजेची कापूरदाणी आता घरोघरी असते, आणि तिच्यातच मेणाची वडी टाकण्याचा मोह होतो. करू नका. तिची बशी उथळ. कापूर उडून जातो, मेण तिथेच पातळ होऊन राहतं. काढताना हात हलला की ते थेट बटणांवर आणि प्लगवर सांडणार. मेणासाठी खोल वाटीचा, सपाट बुडाचा, टेबलावर बसणारा वॉर्मर घ्या. टी-लाइटवाला बर्नर असेल तर वाटीखाली एकच टी-लाइट. लवकर वितळावं म्हणून दोन-तीन लावले की मेण भलतंच तापतं. त्याने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चौफेर उडतं. वर झाकण दाबा आणि बर्नर गार होईपर्यंत हलवू नका.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा स्वयंपाकघर. तळणाचा वास जावा म्हणून तिथे वॉर्मर लावतात. वास जात नाही, झाकला जातो. आणि झाकू नये असा एक वास तिथेच असतो. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. दरवळत्या व्हॅनिलात तो उशिरा जाणवला तर? वर बर्नरमधला टी-लाइट पेटता असला तर विचारूच नका. तळणासाठी एक्झॉस्ट फॅन आहे.

नाकावर मोजमाप सोडू नये, याला आणखी एक कारण आहे. थोड्या वेळात नाक वासाला सरावतं, मग ‘उतरला वाटतं’ म्हणून आपण दुसरी वडी टाकतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच गुदमरायला होतं. एका वेळी एक वडी आणि खिडकीची फट उघडी, एवढं पुरतं.

वास संपला तरी वाटीतलं मेण जवळपास तेवढंच दिसतं, कारण उडतं ते अत्तर. त्यावर नवी वडी टाकून वाटी काठोकाठ भरू नका. जुनं आधी काढा. गार झालेली वाटी सुटी होत असेल तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि अख्खी चकती सुटून येते. घाई असेल तर कोमट मेण कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. चकती सुक्या कचऱ्यात टाका. गरम मेण बेसिनमध्ये ओतलं तर ते पाइपात गोठतं, आणि मग प्लंबर शोधावा लागतो.