ऊस देशाचा ईयोब आणि परत न आलेली दहा लेकरं

श्रावणात येडशीच्या रामलिंगला गेलं की पायऱ्या उतरतानाच पाण्याचा आवाज कानी येतो. बालाघाटच्या डोंगररांगेतली ही दरी एरवी रखरखीत असते, पण चार पाऊस झाले की हिरवीगार होते. खाली महादेवाचं देऊळ आणि जवळच लोक दाखवतात ती जटायूची समाधी. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला त्यानं इथंच अडवलं आणि पंख छाटले जाऊन तो इथंच पडला, अशी या भागाची श्रद्धा. वानरांपासून नारळ सांभाळत एक आजी नातवाला ही कथा सांगत होत्या. पोरानं मधेच विचारलं, "आज्जे, एवढं लागलं हुतं तर त्यो लगीच का न्हाई मेला?" आजी म्हणाल्या, "रामाला निरूप द्यायचा ऱ्हायला हुता की रं."

दुःखात श्रद्धा टिकवणं म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगायचं? आजींनी ते एका वाक्यात उरकलं. जगातल्या बहुतेक धर्मांनी त्यासाठी एकेक गोष्ट राखून ठेवली आहे. बायबलात ती ईयोबाची. रविवारच्या शाळेत आणि उन्हाळी सुट्टीतल्या बायबलवर्गात ती सांगितली जाते. मराठीत ही गोष्ट कशी आली आणि आपल्या गोष्टींच्या शेजारी बसवल्यावर तिचं काय वेगळेपण दिसतं, याचा माग काढताना मी वरचेवर धाराशिव जिल्ह्याच्या मातीवरच परत येत राहिलो.

गोष्ट अशी. मराठी बायबलात ईयोबाच्या देशाचं नाव 'ऊस'. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या पोरांना ते ऐकून हसू फुटणारच. ईयोब मोठा बागाईतदार शोभावा असा माणूस: 7,000 मेंढरं, 3,000 उंट, बैलांच्या 500 जोड्या, 500 गाढवी, सात मुलगे, तीन मुली. देवभीरू आणि सरळमार्गी. स्वर्गातल्या दरबारात सैतान देवाला म्हणतो, की याची भक्ती फुकटची नाही. भरल्या घरात कोणीही देव देव करील. मग एकाच दिवशी चार निरोपे येतात. बैल लुटारूंनी नेले, मेंढरं आकाशातल्या आगीत जळाली, उंट दुसऱ्या टोळीनं पळवले. चौथा सांगतो, की रानातून वादळ आलं, घराचे चारही कोपरे हादरले, घर कोसळलं आणि जेवायला एकत्र जमलेली दहाही लेकरं त्याखाली गेली. पुढं अंगभर गळवं येतात. ईयोब राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो, पण देवाला शिव्याशाप देत नाही. शेवटी सगळं दुप्पट मिळतं.

वर्गात गोष्ट इथंच संपते. देणारा तोच आणि नेणारा तोच, अशा अर्थाचं ईयोबाचं वचन मुलांकडून पाठ करून घेतात, आणि 'ईयोबासारखे सोशीक व्हा' हे तात्पर्य ठरलेलं. ईयोबाच्या सोशीकपणाचा हा लौकिक नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रानं पक्का केला. मूळ पुस्तक मात्र 42 अध्यायांचं आहे. मुलांना सांगितली जाते ती पहिल्या दोन आणि शेवटच्या अध्यायातली गद्य कथा. मधले जवळजवळ सगळे अध्याय पद्यात आहेत आणि त्यात ईयोब अजिबात सोशीक नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, समोरासमोर खटला चालव म्हणतो. कीर्तनातलं निरूपण चुकवून आख्यानाला तेवढं येऊन बसावं, तशी आपण मुलांना ही कथा ऐकवतो.

मराठी मुलखाला बायबलच्या कथा पहिल्यांदा भरघोस ऐकवल्या त्या गोव्यातल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी. 1616 साली छापलेलं त्यांचं 'क्रिस्तपुराण' ओव्यांत आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराण ऐकण्याची सवय तुटली होती. ती भूक भागवायला त्यांनी पुराणाचाच घाट घेतला. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कॅरी यांनी बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषांतरं काढली. मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, 'बालबोधमेवा'सारखं मुलांचं मासिक निघालं. पण ईयोबाचं पुस्तक मराठीत उतरवणाऱ्यांमध्ये एक व्यक्ती अशी होती, की तिला त्यातल्या एकाही प्रसंगासाठी कल्पना लढवावी लागली नसेल. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत आणि त्यावर घर चाले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला मोताद झालं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. 1882 च्या फेब्रुवारीत तेही पटकीनं गेले. मांडीवर मुलगी मनोरमा, वय वर्षही पुरतं नाही. चार निरोप्यांनी एका दिवसात आणलेली बातमी रमाबाईंकडे आठेक वर्षांत हप्त्याहप्त्यानं आली, एवढाच फरक.

1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीनं खंगलेल्या मुली आणल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. दौंड-पुणे लोहमार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींना रमाबाई शिकवत होत्या. त्यांच्यापुढं जे मराठी बायबल होतं ते मात्र संस्कृतप्रचुर, पंडिती वळणाचं. स्वतः संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी ठरवलं, की अडाणी बाईलाही ऐकून कळेल अशा मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही सारी कामं केडगावच्या बायकांनीच शिकून घेतली. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलींनी दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईचं भाषांतर छापावं, आणि त्यात ईयोबाचंही पुस्तक असावं, असा हा योग.

रमाबाईंना शेवटची परीक्षाही चुकली नाही. मनोरमा त्यांचा उजवा हात होती. तीच संस्था पुढं चालवणार हे गृहीत होतं. 24 जुलै 1921 रोजी ती आईच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं, ते 1924 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झालं. मनोरमा परत आली नाही. ईयोबाच्या गोष्टीतला कळीचा मुद्दा मला इथं सापडतो.

तो नीट दिसण्यासाठी आपल्या घरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवू. पहिली हरिश्चंद्राची. राज्य गेलं, बायको विकली, डोंबाघरी पाणी भरलं, मुलगा साप चावून मेला. राजानं सत्त्व सोडलं नाही. शेवटी देव प्रकटतात आणि रोहिदास उठून बसतो. दुसरी श्रियाळ-चांगुणेची. श्रीधरांच्या 1718 मधल्या 'शिवलीलामृता'मुळं ती घरोघरी पोचली. अतिथी म्हणून आलेला महादेव पोटच्या चिलयाचं मांस मागतो, आईबाप तेही देतात, आणि शेवटी चिलया हाकेला ओ देत धावत येतो. आपल्या आज्यांनी डोळे पुसत या कथा सांगितल्या आणि शेवटाला आपले डोळे पुसले.

हरिश्चंद्राचा ख्रिस्तकथेशी एक धागा सिनेमानंही जोडला आहे. 1910-11 च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढं आपले देव हलू लागले. 1913 मध्ये त्यांनी पडद्यावर आणला तो मात्र सोसणारा राजा हरिश्चंद्र, आणि रोहिदासाच्या भूमिकेत उभा केला स्वतःचा मुलगा भालचंद्र. 1932 मध्ये प्रभातनं बोलपट काढला तोही 'अयोध्येचा राजा'. मराठी प्रेक्षकाला ही कथा पुन्हा पुन्हा हवी होती, कारण तिच्यात मूल परत येतं.

ईयोबाच्या गोष्टीत मूल परत येत नाही. शेवटच्या अध्यायातला हिशेब बारकाईनं पाहा. मेंढरं 7,000 होती, 14,000 झाली. उंट 3,000 होते, 6,000 झाले. बैलजोड्या आणि गाढवी दुप्पट. लेकरं मात्र पुन्हा दहाच. जुन्या भाष्यकारांनी याचा खुलासा केला, की पहिली दहा देवाघरी आहेतच, म्हणून एकूण वीस. खुलासा गोड आहे. पण वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, "बाई, आणि आधीची दहा?" तेव्हा या गणितानं त्याचं समाधान होत नाही.

हा प्रश्न धाराशिवच्या मातीत हवेतला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं, आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर ही गावं भुईसपाट झाली. माणसं मेली आठ हजारांच्या आसपास. ती हादऱ्यानं मेली त्याहून घरांनी मेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन अंगावर आलं. घराचे चारही कोपरे हादरले हे ईयोबाच्या चौथ्या निरोप्याचं सांगणं इथल्या किती घरांना शब्दशः लागू पडलं! त्यांच्यापैकी कुणाचाही चिलया हाकेला धावत आला नाही.

अशा वेळी येतात ईयोबाचे मित्र. अलीफज, बिल्दद आणि सोफर. लांबून येतात, तो ओळखू येत नाही म्हणून हंबरडा फोडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. पुस्तकभर त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. आठव्या दिवशी त्यांना तोंड फुटतं आणि मग थांबतच नाही. देव अन्यायी नाही, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार; नाहीतर तुझ्या पोरांचं. आपल्याकडे या मित्रांना आपण चांगले ओळखतो. 'करावं तसं भरावं', 'गेल्या जन्मीचे भोग', 'कुणाचं वाईट केलं असेल' हे बोलणारे ते मयताच्या दारीच भेटतात.

हा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. जानेवारी 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर उत्तर दिलं, की निसर्गाच्या घडामोडींना नीतीचा हिशेब चिकटवू नये. गांधींनी ते उत्तर आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं. ईयोबाच्या पुस्तकात हा वाद देव स्वतः निकाली काढतो. शेवटी तो मित्रांना सांगतो, की ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले; देवाशी भांडणारा खरा ठरला.

मराठी मुलाला हे समजावणं खरं तर सोपं आहे. देवाशी भांडण हा आपल्याकडे भक्तीचाच प्रकार. 1630 च्या सुमारच्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यानंतरच्या गाथेत विठ्ठलाशी किती कडाकडा भांडण आहे! जनाबाईही विठ्ठलाला मनसोक्त बोल लावते. भांडायला माणूस समोर असावा लागतो. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही. पाठ करून घ्यायचंच असेल तर मुलांकडून एवढं करून घ्यावं.

आणि ईयोब या मुलखात परकाही नाही. मराठवाड्यात अय्यूब नावाचा एखादा गडी, वर्गमित्र किंवा मिस्त्री आपल्याला भेटलेला असतो. हा अय्यूब म्हणजेच ईयोब. कुराणात तो पैगंबरांपैकी एक आहे, आणि त्याचा सब्र उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांत दाखल्याला देतात. तिथं देव त्याला जमिनीवर पाय आपटायला सांगतो आणि गार पाण्याचा झरा फुटतो. टँकरची वाट पाहिलेल्या मुलांना याहून मोठं वरदान सांगायची गरज नाही.

तर मग गोष्ट सांगायची कशी? माझ्यापुरतं उत्तर असं. पहिलं, मधला भांडणाचा भाग गाळू नये. चौथीतल्या मुलाला तो कळतो, कारण 'मीच का?' हे त्यानंही विचारलेलं असतं. दुसरं, कारण सांगू नये. स्वर्गातल्या पैजेचं कारण वाचकाला माहीत असतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. देव बोलतो तेव्हा तो माणूस नसलेल्या रानावर पडणाऱ्या पावसाबद्दल, रानगाढवाबद्दल आणि बहिरी ससाण्याबद्दल बोलतो. तिसरं, 'दुप्पट मिळालं' हे बक्षीस म्हणून सांगू नये, नाहीतर सैतानाचंच म्हणणं खरं ठरतं, की भक्ती मोबदल्यासाठी असते.

त्याऐवजी शेवटच्या अध्यायातल्या दोन बारीक गोष्टी सांगाव्या. ईयोबाचे भाऊ, बहिणी, ओळखीपाळखीचे त्याच्या घरी येतात, त्याच्यासोबत जेवतात आणि प्रत्येक जण एकेक नाणं आणि सोन्याची एकेक अंगठी देतो. म्हणजे चक्क आपला दुखवटा. उभारी आकाशातून पडण्याआधी पाहुण्यारावळ्यांच्या हातून येते. केडगावात ती आली. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली 1,200 मुलं शिकायला पुण्याला नेली, तेव्हाही ती तशीच आली. दुसरी गोष्ट ईयोबाच्या नंतरच्या मुलींची. पोथीत मुलग्यांची नावं नाहीत, मुलींची आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वतनात वाटा दिला. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देणारा कायदा 1994 चा. लेकरं गमावलेला बाप दुसऱ्या खेपेला वेगळा बाप झाला होता.

आणि आधीची दहा? त्या पोराला काय सांगावं? मला वाटतं, रामलिंगच्या आजींचा रस्ता धरावा. जटायू का मरत नव्हता याचं त्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं नाही. त्याला एक निरोप द्यायचा होता, एवढंच सांगितलं, आणि पोराचा हात घट्ट धरून पायऱ्या चढायला लागल्या. आपणही म्हणावं, "बाळा, ती परत आली नाहीत. त्याला त्यांची आठवण येत राहिली असणार." मग मित्रांनी पहिले सात दिवस केलं तेवढंच करावं. त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसावं आणि गप्प राहावं.