बिनरस्त्याची गाडी

लोखंडाचा जोड तडकलाय की नुसता रंग उडालाय, हे ओळखायची फॅब्रिकेशनवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. जोडावरचा रंग खरवडायचा, त्यावर रॉकेल नाहीतर पातळ तेल लावायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग फडक्याने कोरडं पुसून वरून खडूची पूड चोळायची. जोड धड असेल तर पूड पांढरीच राहते. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी ओलसर रेघ उमटते. उसाच्या ट्रॉलीचा हुक, बैलगाडीचा आस, रोटाव्हेटरची चौकट, सगळ्यांना ही परीक्षा चालते. रस्ता सोडून पळणाऱ्या बग्गीला तर ती दर फेरीनंतर द्यावी लागते.

बग्गी म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना वरातीतली घोड्याची गाडी आठवते. इथली बग्गी वेगळी. पाइपांचा पिंजरा, त्यात एक नाहीतर दोन सीट, पाठीमागे इंजिन, चार जाड गोट्यांची चाकं. दारं नाहीत, काचा नाहीत, पत्रा असलाच तर नावापुरता. जे लागत नाही ते काढून टाकलेलं आणि जे लागतं ते उघड्यावर ठेवलेलं, म्हणजे पाना लगेच पोचतो.

अशा गाडीची परीक्षा घ्यायला फलटण तालुक्यासारखी जमीन शोधून सापडणार नाही. उत्तरेला नीरेच्या बाजूने कालव्याखालची काळी रानं. पावसाळ्यात ती माती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट घालायला जागा राहत नाही. दक्षिणेला दहिवडीच्या वाटेला लागलं की महादेवाच्या डोंगररांगेकडे मुरूम, खडक आणि कोरडे ओढे. पर्जन्यछायेतला हा भाग. वर्षातला बराच काळ तिथे फुफाटाच. एकाच दिवसात गाडीला चिखल, दगड आणि धूळ असे तिन्ही शत्रू भेटतात. इथल्या गॅरेजवाल्याचा हातही तसाच तयार झालेला असतो. सकाळी साखर कारखान्याच्या वाटेवरची ट्रॉली, दुपारी तीनचाकी टेम्पो, संध्याकाळी शेतातच बसलेला ट्रॅक्टर. रस्त्याबाहेर बंद पडलेली गाडी तिथेच चालू करून देणं हा त्याचा रोजचा धंदा आहे.

बग्गीचा जन्मही असाच दुसऱ्याच्या सुट्या भागांतून झाला. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाच्या, बोटी बांधणाऱ्या कारागिराने फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि चाकांची जोडणी घेतली, तिच्यावर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवली आणि गाडी वाळूत घातली. तिचं नाव मायर्स मँक्स. बीटल निवडण्यामागे हिशेब होता. इंजिन मागे, म्हणजे वजन ओढणाऱ्या चाकांवर. आणि ते हवेवर थंड होणारं, म्हणजे दगड लागून फुटायला रेडिएटरच नाही. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातली पहिली मोठी शर्यत अशाच मँक्सने जिंकली. तेव्हापासून 'बाहा' हे नाव या जातीच्या गाड्यांना चिकटलं.

तेच नाव घेऊन १९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. २००७पासून ती मध्य प्रदेशात पिथमपूरला 'बाहा एसएई इंडिया' म्हणून भरू लागली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या वर्कशॉपांत पाइप वाकवायचे आवाज सुरू झाले. पोरं तिला सरळ 'बाजा' म्हणतात.

या स्पर्धेचा एक जुना नियम मजेशीर होता. इंजिन सगळ्यांना एकच: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एका सिलिंडरचं, ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं. त्याच्या आत हात घालायचा नाही. १० अश्वशक्ती म्हणजे साधारण सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलचा जोर, आणि तेवढ्यावर दोनशे किलोच्या आसपासची गाडी अधिक चालक चढणीवर न्यायची. ताकद वाढवता येत नाही म्हटल्यावर डोकं बाकीच्या गोष्टींत घालावं लागतं: वजन, गिअर, चाकांची जोडणी, ब्रेक.

मग सुटे भाग येतात कुठून? भारतीय संघांनी शोधलेलं उत्तर कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजला पटेल असं आहे. गिअरबॉक्स महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा, कारण त्यात चार गिअर, रिव्हर्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात बसलेले. स्टिअरिंगचा रॅक किंवा चाकाकडे जोर नेणारे सीव्ही जॉइंट मारुती ८००चे. ब्रेकची डिस्क मोटरसायकलची. मारुती ८०० बनायची २०१४ साली थांबली, तरी तिचे भाग भंगार बाजारात अजून मिळतात. दिसायला हा काटकसरीचा मामला वाटतो. पण जो भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो तोच भाग तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो, आणि बग्गीचा खरा कस लागतो तो दुरुस्तीत. बाहातली शेवटची परीक्षा सलग चार तासांची असते. जी मोडून पुन्हा उभी राहते तीच त्यात टिकते.

मोडतं काय, याची यादी ठरलेली आहे. पहिला मान सीव्ही जॉइंटवरच्या रबरी बुटाचा. काटा नाहीतर दगडाची कपार लागून तो फाटतो, आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरची माती आत जाते. वळताना 'कट-कट' आवाज आला की समजायचं, आतल्या गोळ्यांना खड्डे पडले. बूट वेळेत बदलला तर किरकोळ खर्च; आवाज ऐकून दोन फेऱ्या जास्त मारल्या तर पूर्ण जॉइंट.

दुसरा मान एअर फिल्टरचा. कागदी फिल्टर फुफाट्यात तासाभरात गच्च होतो आणि इंजिन दम सोडतं. म्हणून स्पंजाचा, तेलात भिजवून पिळलेला फिल्टर लावतात आणि हवा ओढायचं तोंड चालकाच्या पाठीमागे उंच नेतात. गिअरबॉक्सऐवजी पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी असेल तर पाण्याचं दुखणं वेगळं. ओढ्यातून गेल्यावर पट्टा सरकतो, जळका वास येतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. उपाय साधा: वरून बंद झाकण आणि खालून पाणी निथळायला एक भोक.

चिखलातलं तिसरं दुखणं गाडी अडकल्याशिवाय कळत नाही. एक चाक अधांतरी झालं की डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या चाकालाच देतो. ते भिरभिरतं, जमिनीवरचं चाक ढिम्म. काही जण आतले छोटे गिअर वेल्डिंग करून डिफरन्शियल कायमचा जाम करतात. दोन्ही चाकं एकदम फिरतात, गाडी निघते. पण वळताना ती सरळ पळायला बघते आणि एक्सलवर ताण येतो. हा सौदा आहे. करायचाच तर त्याची किंमत माहीत असावी.

बग्गीत बदल करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सगळंच मजबूत करणं. चाक धरणाऱ्या आर्मचा पाइप वाकला की तिथे जाड पाइप घालायचा. पुढच्या वेळी तो वाकत नाही, त्याचं बसणं उखडतं, आणि ते जाड केलं की पिंजऱ्यालाच तडा जातो. शेतकऱ्याला यातलं शहाणपण वेगळं शिकवावं लागत नाही. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की तो स्वस्तातला बोल्ट तुटतो आणि महागाचा गिअरबॉक्स वाचतो. बग्गीतही आधी काय तुटायचं ते आपण ठरवायचं असतं: टाय रॉड, एखादा बोल्ट, एखादं बुश. तेच दोन जादा घेऊन निघायचं.

पिंजऱ्याबाबत मात्र हा हिशेब चालत नाही. गाडी उलटली तर डोक्यावर तोच असतो. बाहाच्या नियमात मुख्य पाइप साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा, आणि पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन हवा. हेल्मेट आणि वरचा पाइप यांत सुमारे १५२ मिलिमीटर अंतर. चालकाला पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन बंद करायची बटणं दोन, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असं. गेटच्या चौकटीला वापरतात तसा पातळ पाइप इथे नको. खडूवर रेघ उमटली तर तिच्यावर नुसती वेल्डिंगची रांगोळी काढूनही भागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडायची म्हणजे तो पुढे पळत नाही, ग्राइंडरने खाच करायची, मग वेल्डिंग भरायचं आणि वर पट्टी द्यायची. आणि हे करण्याआधी बॅटरीची वायर काढायची.

उतरवून जोडलेल्या वाहनाचा फलटणला जुना अनुभव आहे. १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी इथे निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', स्थापन केली. अमेरिकेत शिकलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली इथे आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. करडई आणि मेंढ्यांवर काम करणाऱ्या या संस्थेत त्यांनी सायकल रिक्षा उघडून बघितली. तिचे दोष मेकॅनिकसारखे मांडले: गिअर नाहीत, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, बसायची जागा उंच म्हणून वाऱ्याचा अडथळा जास्त. त्यातून आधी सुधारलेली रिक्षा, मग मोटरची जोड असलेली आणि नंतर बॅटरीवरची 'इलेक्शा' तयार झाली. दिल्लीच्या गल्ल्यांत ई-रिक्षांची गर्दी व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. बग्गीवाल्यांनी तिच्यातून उचलावं ते एवढंच, की बदलाची सुरुवात दोषांच्या यादीने केली होती आणि त्या यादीत ब्रेक होता.

फलटणच्या दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या भागांपासून एक छोटी जीप उभी केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गाडी चालू करायला चक्क दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये बोलेरो लोहारांच्या घरी आली आणि जीप महिंद्रा कंपनीने नेली. त्याच सुमारास सांगलीच्याच आणखी एका कारागिराची, जुन्या फोर्डच्या धाटणीची छोटी मोटार बातम्यांत झळकली.

या कौतुकात एक वाक्य बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटलं. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, असं महिंद्रांनी तेव्हाच स्पष्ट म्हटलं होतं. बोलेरो देण्यामागे ते कारणही होतं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. घरी बांधलेल्या बग्गीची नोंदणीच होत नाही, तेव्हा ती डांबरी रस्त्यावर आणायचा प्रश्नच येत नाही. बंदिस्त आवारापुरत्या बनवलेल्या खास वाहनाला कायद्याच्या व्याख्येत सूट आहे. म्हणजे बग्गीची जागा स्वतःच्या रानात, कुंपणाच्या आत. आणि तिथवर ती टेम्पोत घालून न्यायची.

उरतो प्रश्न माळाचा. फलटण-बारामतीच्या बाजूचं माळरान सातबाऱ्यावर पडीक दिसलं तरी रिकामं नाही. तिथे लांडगा आहे, खोकड आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. बारामती तालुक्यात सुप्याला चिंकारांसाठी मयुरेश्वर अभयारण्य आहे. आणि ज्या देवराष्ट्रेत ती किकची जीप तयार झाली, त्याच्या शेजारचं सागरेश्वर अभयारण्य तर माणसांनी हाताने लावलेलं जंगल आहे. धों. म. मोहित्यांच्या चिकाटीतून उजाड डोंगर हिरवा झाला आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जाड गोट्यांच्या टायरची एक फेरी गवताची मुळं उखडते आणि पुढच्या पावसात तिथेच ओघळ पडतो.

तेव्हा ज्यांना बग्गी बांधायची आहे त्यांनी जरूर बांधावी. आपल्या नाहीतर परवानगी घेतलेल्या रानात चालवावी. पहिले पैसे ब्रेकवर घालावेत, चारही चाकं एकदम जाम होत नाहीत तोवर इंजिनाकडे वळू नये. आणि घरी परतल्यावर हात धुण्याआधी खडूची पूड काढावी.